डोळ्यांसमोरची पाटी

मंडळी, देहदंडाबद्दल चर्च काय शिकवतं यावर बोलायला मला बोलावलंय, आणि मी सुरुवात करणार आहे एका जल्लादापासून. जोव्हान्नी बत्तिस्ता बुगात्ती त्याचं नाव. रोमचे लोक त्याला मास्त्रो तित्ता म्हणत. १७९६ ते १८६४ या काळात त्याच्या हातून ५१६ जणांना देहदंड झाला. नोकरी कुणाची? पोपची. तेव्हा रोम आणि भोवतालचा मुलूख पोपच्या राज्यात होता. एरवी हा गृहस्थ छत्र्या रंगवायचा. राहायचा नदीच्या अलीकडे, व्हॅटिकनच्या बाजूला. तो पूल ओलांडताना दिसला की लोक समजायचे, आज कुणाचं तरी भरलं. ८५व्या वर्षी निवृत्त झाला, तेव्हा पेन्शनही मिळाली.

हे मी मुद्दाम सांगतोय. ‘आपलं चर्च पहिल्यापासून जीवनाच्या बाजूनं’ असं आपण सभांमधून ठोकून देतो. पहिल्यापासून नव्हतं! चर्चचा मोठा धर्मपंडित संत थॉमस अक्वायनस, त्यानंच दाखला दिला होता: सडलेला अवयव शरीराच्या भल्यासाठी कापतात, तसाच समाजाला घातक माणूस.

आता त्याच रोममधली दुसरी गोष्ट. तिथे शिरच्छेद झालेल्या संत योहानाच्या नावाची एक बंधुसंघटना होती. मायकेलअँजेलो तिचा सभासद. शिक्षेच्या आदल्या रात्री हे लोक कैद्यासोबत बसत, प्रार्थना करत. सकाळी त्याला वधस्थळाकडे नेताना एक छोटी रंगवलेली पाटी त्याच्या चेहऱ्यासमोर धरत. पाटीवर क्रुसावरचा येशू. शेवटच्या क्षणापर्यंत त्याला दुसरं काही दिसू नये, म्हणून. यात करुणा होतीच, मी नाकारत नाही. पण पाटी धरणाऱ्यानं मागे वळून ‘हे कशाला?’ असं विचारल्याचं ऐकिवात नाही.

५ एप्रिल १९८४. अमेरिकेतल्या लुइझियानात विजेच्या खुर्चीची शिक्षा. कैद्यानं भावासोबत दोन कोवळ्या मुलांचा खून केलेला. त्याच्यासोबत होत्या सिस्टर हेलन प्रेजाँ. दोन वर्षांपूर्वी पत्रमैत्री म्हणून सुरू झालेलं हे नातं. सिस्टरांनी त्याला सांगितलं, माझ्या चेहऱ्याकडे बघत राहा. इथे पाटी नव्हती, जिवंत माणूस होता. आणि त्या चेहऱ्याला डोळे होते. खुर्चीवर काय चाललंय ते त्यांनी पाहिलं. पुढची चाळीस वर्षं त्या तेच सांगत गावोगाव फिरतायत. माझ्या मते चर्चची शिकवण हलली ती अशा पाहण्यामुळे. ग्रंथ मागून आले.

आले मात्र. १९९५च्या परिपत्रकात पोप जॉन पॉल दुसरे म्हणाले, अशी शिक्षा अपरिहार्य ठरावी असे प्रसंग आता फार विरळा, जवळजवळ नाहीतच. जानेवारी १९९९मध्ये सेंट लुइसला गेले असताना त्यांनी मिसूरीच्या गव्हर्नरांना एका कैद्यासाठी गळ घातली. गव्हर्नर बॅप्टिस्ट, म्हणजे पोपला न मानणाऱ्या पंथाचे, आणि फाशीचे समर्थक. तरी शिक्षा जन्मठेपेवर आली. आणि २०१८मध्ये पोप फ्रान्सिस यांनी चर्चच्या अधिकृत धर्मशिक्षणग्रंथातला २२६७वा परिच्छेदच बदलला: देहदंड अस्वीकार्य, कारण तो माणसाच्या प्रतिष्ठेवर घाला आहे. ‘जवळजवळ’ गेलं.

मघाशी चहाच्या वेळी एका काकांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, ‘फादर, ज्यांचं माणूस गेलं त्यांचं काय?’ बरोबर आहे. सिस्टर हेलनही इथे चुकल्या होत्या. सुरुवातीला त्या खून झालेल्या मुलांच्या आईबापांकडे फिरकल्याच नाहीत. मुलाच्या वडिलांनी त्यांना तोंडावर विचारलं, आमच्याकडे का नाही आलात? ही चूक त्यांनी स्वतःच जाहीरपणे कबूल केलीय.

काकांना मी इंदूरकडची हकिकत सांगितली. सिस्टर राणी मारिया, मूळच्या केरळच्या. देवास जिल्ह्यात गरीब आदिवासींना सावकाराच्या तावडीतून सोडवायच्या. २५ फेब्रुवारी १९९५ला भर प्रवासात त्यांना भोसकून मारलं. मारेकऱ्याला जन्मठेप झाली. राणी मारियांची सख्खी धाकटी बहीण, सेल्मी पॉल, तीही सिस्टरच. २००२च्या राखीपौर्णिमेला ती तुरुंगात गेली आणि ज्या हातानं सुरा चालवला, त्याच मनगटाला तिनं राखी बांधली. पुढे त्याच्या सुटकेसाठी अर्ज झाला, त्यात घरचेही होते. २००६ला तो सुटला.

काका काही बोलले नाहीत. चहा गार झाला होता, तो त्यांनी तसाच पिऊन टाकला.