एक वायपर, दोन वायपर

(दृश्य: पाऊस. गाडीची समोरची काच, तिच्यावर फिरणारा एकच वायपर.)

हा वायपर नीट बघा. एकटाच आहे. साधा वायपर काचेवर कमान काढतो आणि वरचे कोपरे ओलेच सोडून देतो. हा मात्र बाजूला झुकला की लांब होतो, कोपरा पुसतो, मधे उभा आला की आखडतो आणि पलीकडे झुकताना पुन्हा हात लांबवतो. बुडाशी गिअरची छोटी पेटी आहे, तिची ही करामत. काचेचा ८६ टक्के भाग एका पात्यात साफ.

गाडी आहे मर्सिडीज डब्ल्यू १२४, १९८४च्या अखेरीस आलेली. दोन साधे वायपर लावले असते, तर एकाही गिऱ्हाइकाने तक्रार केली नसती. शिवाय या पेटीतलं ग्रीस सुकलं की ती कुरकुरते, उघडून साफ करावी लागते. तरीही मर्सिडीजच्या, म्हणजे श्टुटगार्टच्या इंजिनिअरांना तो कोपरा पुसायचाच होता.

(दृश्य: ऑटोबान, भरधाव बीएमडब्ल्यू.)

म्युनिकचं, म्हणजे बीएमडब्ल्यूच्या गावचं उत्तर आलं १९८८मध्ये. बीएमडब्ल्यूची फाइव्ह सिरीज, ई ३४. वायपर दोन, नेहमीचे. पण काही गाड्यांत एक गंमत होती. वेग वाढला की वारा पातं काचेवरून उचलू बघतो. तेव्हा एक छोटी मोटर वेगाच्या हिशेबाने ड्रायव्हरसमोरच्या पात्यावरचा दाब वाढवायची. पाऊस तोच. एकाला काचेच्या कोपऱ्याची काळजी, दुसऱ्याला वेगात बसलेल्या ड्रायव्हरची.

(दृश्य: गाडी लिफ्टवर, खालून मागचं चाक.)

आता गाडीखाली जाऊ. मर्सिडीजचं मागचं प्रत्येक चाक पाच वेगवेगळ्या दांड्यांनी धरलेलं आहे. ही रचना आधी १९८२च्या छोट्या १९० मॉडेलमध्ये आली. रस्ता कितीही वाकडातिकडा असो, चाकाचा कोन फारसा ढळत नाही. बीएमडब्ल्यूने जुन्या पद्धतीचे तिरपे आर्मच, म्हणजे चाक धरणारे दांडेच, घासूनपुसून वापरले. वळणात अ‍ॅक्सिलरेटर एकदम सोडला, तर गाडीचं मागचं अंग जरा हलायचं. काहींना तेच आवडायचं, म्हणा. पण पुढच्या पिढीत, १९९५मध्ये, बीएमडब्ल्यूनेही बहुदांडी रचना घेतली. मागच्या चाकांचा निकाल तिथेच लागला.

इंजिनात मात्र माझं मत म्युनिकला. १९९०चं सहा सिलिंडरचं सरळ इंजिन: २४ व्हॉल्व्ह, प्रत्येक सिलिंडरला ठिणगीसाठी स्वतंत्र कॉइल, आणि चढत जाणारा तो आवाज.

(आवाज: इंजिन रेस होतंय. मग शांतता.)

गंमत अशी, की यांत्रिकीत एवढ्या मुरलेल्या या दोन्ही कंपन्या रसायनशास्त्रात आपटल्या.

१९९२मध्ये ई ३४ला व्ही-आठ, म्हणजे आठ सिलिंडरचं इंजिन मिळालं. अ‍ॅल्युमिनियमच्या सिलिंडरला आतून निकेल आणि सिलिकॉन कार्बाइडचा पातळ थर, नाव निकासिल. ब्रिटन-अमेरिकेतल्या पेट्रोलमधल्या गंधकाने तो थर खाल्ला. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, गेलं, उभ्या गाड्या थरथरायला लागल्या. कंपनीला इंजिनं बदलून द्यावी लागली आणि पुढे तिने हा थरच सोडून दिला.

मर्सिडीजचं दुखणं वायरिंगचं. नव्वदीच्या सुरुवातीच्या गाड्यांत इंजिनजवळच्या वायरींचं वेष्टन उष्णतेने कडक व्हायचं, मग बिस्किटासारखं गळायचं. इंजिन ठणठणीत, पण गाडी मिसिंग करतेय. लाखो किलोमीटर झिजणार नाही असं लोखंड घडवणाऱ्यांना वायरीवरच्या प्लास्टिकने गाठलं.

(दृश्य: पिंपरी, कारखान्याचं फाटक.)

१९९५मध्ये युरोपात डब्ल्यू १२४ची जागा मर्सिडीजच्या नव्या ई क्लासने घेतली: समोर चार गोल दिवे, आणि पुढे गंजासाठी बदनाम झालेला पत्रा. त्याच वर्षी जुनी डब्ल्यू १२४ पुण्याजवळ पिंपरीत, टेल्कोच्या (आजच्या टाटा मोटर्सच्या) कारखान्यात जुळू लागली. भारतात तयार होणारी ही पहिली मर्सिडीज कार.

वायपर एकच.