लेकीचा वाटा आणि संसदेची वाट

नमस्कार, श्रोतेहो.

आपल्या खान्देशात आखाजी हा लेकीबाळींचा सण. सासुरवाशिणी माहेरी येतात, झाडाला झोके बांधले जातात, गौराईची गाणी होतात. आणि पुष्कळ घरांत याच भेटीत कुणीतरी हक्कसोड पत्राचा, म्हणजे माहेरच्या मालमत्तेतला वाटा सोडून देण्याचा, विषय हळूच काढतं. बहिणीनं सही करावी की नाही, हे तिनं ठरवायचं. पण ज्या हक्कावर ती पाणी सोडणार असते, तो हक्क कायद्यात आला कसा, हे तिला आणि तिच्या भावालाही ठाऊक असावं असं मला मनापासून वाटतं.

हिंदू वारसा कायद्यात २० डिसेंबर २००४ ही तारीख छापलेली आहे. त्याआधी नोंदणीकृत दस्तानं किंवा कोर्टाच्या हुकूमनाम्यानं झालेली वाटणी मोडता येत नाही. त्यानंतरच्या वाटणीत वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीचा मुलाइतकाच वाटा धरावा लागतो. हीच तारीख का? कारण मुलीला हा वाटा देणाऱ्या दुरुस्तीचं विधेयक त्या दिवशी राज्यसभेत मांडलं गेलं. कायदा लागू झाला ९ सप्टेंबर २००५ला. मधल्या साडेआठ महिन्यांत वाटण्या उरकून घेण्याची घाई होऊ नये, म्हणून ही तारीख महत्त्वाची.

आता या साडेआठ महिन्यांत काय घडलं ते पाहू.

संसदेची दोन सभागृहं. लोकसभेत ५४३ जागा, त्यांतल्या महाराष्ट्राच्या ४८. आपले जळगाव, रावेर, धुळे आणि नंदुरबार हे मतदारसंघ त्यातलेच. राज्यसभा कधी विसर्जित होत नाही, दर दोन वर्षांनी तिचे एक तृतीयांश सदस्य निवृत्त होतात. पैशाची विधेयकं लोकसभेतच मांडावी लागतात आणि राज्यसभेला ती चौदा दिवसांत परत पाठवावी लागतात. बाकीची विधेयकं कुठल्याही सभागृहात मांडता येतात. हे विधेयक राज्यसभेत मांडलं गेलं.

मांडण्याच्या दिवशी सहसा चर्चा होत नाही. पुढे विधेयक स्थायी समितीकडे जाऊ शकतं. १९९३पासून खात्यांनुसार अशा समित्या आहेत. एकेका समितीत ३१ सदस्य, २१ लोकसभेचे आणि १० राज्यसभेचे. बैठक बंद दाराआड होते. कॅमेरा नसल्यानं तिथे कुणाला भाषण गाजवायचं नसतं. अधिकाऱ्यांना प्रश्न विचारले जातात, तज्ज्ञ बोलावले जातात, लोकांची निवेदनं वाचली जातात. संसदेचं खरं कसाचं काम इथे होतं, असं माझं ठाम मत आहे. टीव्हीवरचा गोंधळ पाहून संसदेबद्दल मत बनवणाऱ्यांना ही खोली दिसतच नाही.

हे विधेयकही कायदा व न्याय खात्याच्या स्थायी समितीकडे गेलं. मूळ मसुद्यात एक मोठी उणीव होती. १९५६च्या कायद्यात शेतजमिनीच्या कुळहक्काबाबत राज्यांच्या कायद्यांना मोकळीक ठेवलेली होती, आणि काही राज्यांत त्या आडोशानं मुलींना शेतीत वाटाच मिळत नसे. मांडलेल्या मसुद्यानं या अपवादाला हात लावला नव्हता. अर्थतज्ज्ञ बीना अगरवाल आणि अनेक महिला संघटनांनी हा मुद्दा लावून धरला. शेवटी संमत झालेल्या कायद्यात तो अपवाद उरला नाही. कपाशी, केळी आणि ज्वारीवर जगणाऱ्या मुलखाला याचं मोल वेगळं सांगायला नको.

समितीचा अहवाल आल्यावर सभागृहात आधी सर्वसाधारण चर्चा आणि मग एकेका कलमावर विचार होतो. दुरुस्त्या सुचवल्या जातात, मतदान होतं. बहुतेक वेळा 'होय' आणि 'नाही'च्या आवाजावर. कुणी आग्रह धरला तर मतं मोजली जातात. राज्यसभेनं १६ ऑगस्टला आणि लोकसभेनं २९ ऑगस्टला हे विधेयक संमत केलं. ५ सप्टेंबरला राष्ट्रपतींची सही झाली.

महाराष्ट्रानं १९९४मध्येच अशी दुरुस्ती केली होती, पण त्या वर्षीच्या २२ जूनपूर्वी लग्न झालेल्या मुली तिच्यातून वगळल्या होत्या. ती भिंत २००५मध्ये पडली. मात्र एक गोष्ट नंदुरबार, धडगाव, अक्कलकुव्याच्या श्रोत्यांना सांगायलाच हवी: केंद्र सरकारनं तशी अधिसूचना काढल्याशिवाय हा कायदा अनुसूचित जमातींना लागू होत नाही. भिल्ल, पावरा बहिणींचा प्रश्न त्यामुळे वेगळाच राहतो, आणि संसदेत त्याची चर्चा व्हायला हवी.

मूळच्या १९५६च्या कायद्याशी जळगावचं जवळचं नातं आहे. त्या वेळी लोकसभेत तो नेटानं पुढे नेणारे विधी खात्याचे मंत्री हरि विनायक पाटसकर हे जळगावमधूनच निवडून गेलेले खासदार होते. आदल्या वर्षी हिंदू विवाह कायद्याचं कामही त्यांच्याकडेच होतं. वडिलांच्या स्वकष्टार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतका वाटा १९५६च्या या वारसा कायद्यानं दिला. विरोध जबरदस्त होता, आणि त्याला सभागृहात, कलमागणिक, उत्तरं द्यावी लागली. आपल्या जिल्ह्यातल्या किती शाळांत हे सांगितलं जातं?

दोन्ही सभागृहांचं जमलं नाही तर संयुक्त बैठक बोलावता येते. अशी पहिली बैठक १९६१मध्ये झाली ती हुंडाबंदीच्या विधेयकावर. दोन्ही सभागृहांना अडवून धरणारा विषय आपल्या लग्नघरातला होता.

मला काळजी वाटते ती एका गोष्टीची. १५व्या लोकसभेच्या काळात सुमारे ७१ टक्के विधेयकं समित्यांकडे गेली होती. १७व्या लोकसभेत हे प्रमाण सुमारे १६ टक्क्यांवर आलं. वारसा दुरुस्ती समितीकडे न जाता दोन तासांत संमत झाली असती, तर शेतजमिनीच्या त्या अपवादाकडे लक्ष वेधायला वेळच उरला नसता. आपल्या खासदाराला रस्ता आणि रेल्वेथांबा जरूर मागा. त्याच्या जोडीला हेही विचारा: तुम्ही कुठल्या समितीवर आहात, आणि तिच्या किती बैठकांना हजर होता?

एखादं विधेयक समितीकडे गेलं की समिती बहुधा वर्तमानपत्रांत आणि संसदेच्या संकेतस्थळावर जाहिरात देऊन लोकांच्या सूचना मागवते. मुदत थोडी असते. हिंदीत किंवा इंग्रजीत लिहावं लागतं. गावातल्या शिक्षकाची, वकिलाची मदत घ्या. लांबलचक लिहू नका. कुठल्या कलमात काय बदलावं, आणि ते बदललं नाही तर तुमच्या शेतात, तुमच्या घरात काय होईल, एवढं स्पष्ट लिहा. कलमाचा क्रमांक मात्र विसरू नका.

नमस्कार.