छाप्यानंतरचे मनुष्यबळ

[दृश्य: नियंत्रण कक्षातील हजेरीचा फलक]

एखाद्या वस्तीत अमली पदार्थांची विक्री उघडपणे होऊ लागली की रहिवासी, लोकप्रतिनिधी आणि वर्तमानपत्रे यांच्याकडून पहिली मागणी होते ती पोलिसांची संख्या वाढवण्याची. प्रशासनही उत्तर संख्येतच देते. लाख लोकसंख्येमागे पोलीस किती, मंजूर पदे किती आणि त्यांपैकी रिक्त किती, हे सांगितले जाते. हे आकडे खोटे नसतात. परंतु विक्रीच्या एका ठिकाणावर उद्या दुपारी चार वाजता किती माणसे लक्ष ठेवून असतील, हे त्यांतून कळत नाही. या माहितीपटाचा विषय तो आहे.

आधी थोडे अंकगणित पाहू. आठवड्याचे तास १६८ असतात. एका कर्मचाऱ्याने आठवड्याला ४८ तास काम केले, तरी एक जागा अहोरात्र सांभाळण्यासाठी साडेतीन माणसे लागतात. त्यांच्या रजा, आजारपण आणि प्रशिक्षण धरले तर हा आकडा चारच्या पुढे जातो, आणि कामाचा आठवडा ४० तासांचा असेल तर पाचच्या आसपास पोहोचतो. म्हणजे वीस जणांचे अमली पदार्थविरोधी पथक कागदावर भक्कम दिसले, तरी चोवीस तासांची पाळी लावल्यास कोणत्याही एका वेळी त्यातील चार-पाच जणच कामावर असतात. त्यातच मोठी सभा, मोर्चा किंवा निवडणूक आली की बंदोबस्तासाठी माणसे काढताना अशा विशेष पथकांकडे आधी पाहिले जाते. त्यालाही कारण आहे. चोरीची किंवा मारहाणीची तक्रार घेऊन आलेला माणूस ठाण्यात समोर उभा असतो आणि त्याला परत पाठवणे कठीण असते. अमली पदार्थांच्या व्यवहारात विकणारा राजी असतो, घेणाराही राजी असतो, आणि ठाण्याची पायरी चढणारे बहुधा कोणी नसते. पुढे ढकलायला याहून सोपे काम पोलीस ठाण्यात सापडणार नाही.

तक्रारदार नसल्याचा आणखी एक परिणाम होतो आणि तो मनुष्यबळाची चर्चा करणाऱ्यांच्या नजरेतून अनेकदा निसटतो. अमली पदार्थांचे गुन्हे बहुतांशी पोलिसांनी शोधल्यावरच नोंदले जातात. त्यामुळे पथकात माणसे वाढली की नोंदलेले गुन्हे वाढतात, माणसे काढून घेतली की ते घटतात, आणि त्या काळात बाजाराचे प्रत्यक्षात काय झाले हे या दोन्ही आकड्यांतून समजत नाही. एखाद्या हद्दीतील अशा गुन्ह्यांची नोंद वर्षभरात निम्म्यावर आली, तर अभिनंदन करण्याआधी त्या पथकातील किती जण त्या वर्षी दुसरीकडे वापरले गेले, हे विचारणे शहाणपणाचे ठरेल. बाजाराची खरी स्थिती समजून घ्यायची असेल, तर रस्त्यावरील मालाचा भाव आणि शुद्धता, अतिसेवनामुळे रुग्णालयात आणलेल्यांची संख्या आणि त्या परिसरातून मदतीसाठी येणारे दूरध्वनी यांच्याकडे पाहावे लागते.

[दृश्य: जुने छायाचित्र, गस्तीची मोटार]

केवळ गणवेशातील उपस्थिती वाढवून गुन्हे कमी होतात का, याची गाजलेली चाचणी अमेरिकेतील कॅन्सस शहरात ऑक्टोबर १९७२ ते सप्टेंबर १९७३ या काळात झाली. गस्तीच्या पंधरा विभागांचे पाच-पाचचे तीन गट करण्यात आले. एका गटात नेहमीची गस्त बंद करून पोलीस फक्त बोलावल्यावरच जात, दुसऱ्यात गस्त पूर्वीइतकीच ठेवली, आणि तिसऱ्यात ती दोन ते तीन पट वाढवली. वर्षाअखेर तिन्ही गटांतील गुन्ह्यांत आणि लोकांना वाटणाऱ्या भीतीत लक्षणीय फरक आढळला नाही. या प्रयोगावर पुढे बरीच टीका झाली, आणि पोलीस असले काय, नसले काय, असा अर्थ त्यातून काढणे चुकीचेच आहे. मात्र शहरभर विरळ पसरलेली गस्त वाढवली की फरक पडेल, हे गृहीतक त्याने हादरवले. अमली पदार्थांच्या विक्रेत्यासाठी तर गस्तीची मोटार म्हणजे काही मिनिटांची विश्रांती असते.

मग माणसे नेमकी कुठे लागतात? छाप्याची दृश्ये आपण बातम्यांत पाहतो, पण छापा हा या कामातील मनुष्यबळाचा लहानसा खर्च आहे. मोठा खर्च त्याच्या आधी आणि नंतर होतो. भारतातील अमली पदार्थांविरुद्धचा १९८५ चा कायदा, म्हणजे एनडीपीएस कायदा, उदाहरणादाखल घेऊ. शिक्षा कठोर असल्यामुळे या कायद्याने झडती आणि जप्तीची पद्धतही कडक ठेवली आहे, आणि ते योग्यच आहे. कलम ४२ नुसार बंदिस्त जागेची झडती घेण्याचा अधिकार शिपायाला नाही; त्यासाठी त्याहून वरच्या दर्जाचा आणि शासनाने अधिकार दिलेला अधिकारीच लागतो. बातमी मिळाल्यावर ती लेखी नोंदवून तिची प्रत ७२ तासांत वरिष्ठांकडे पाठवावी लागते. संशयिताची अंगझडती घेण्यापूर्वी, राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकारी यांच्यासमोर झडती व्हावी असे सांगण्याचा त्याला हक्क असल्याची जाणीव कलम ५० नुसार द्यावी लागते, आणि स्त्रीची अंगझडती फक्त स्त्रीच घेऊ शकते. म्हणजे पथकात शिपायांची दहा पदे भरली, पण त्या पाळीत महिला कर्मचारी नसेल किंवा अधिकारी न्यायालयात साक्षीला गेला असेल, तर बातमी खरी असूनही संधी हातची जाते.

अटक आणि जप्तीनंतर ४८ तासांत वरिष्ठांना सविस्तर अहवाल द्यावा लागतो. कलम ५२अ नुसार मुद्देमालाची यादी, छायाचित्रे आणि नमुने दंडाधिकाऱ्यांकडून प्रमाणित करून घ्यावे लागतात. नमुने प्रयोगशाळेत पोहोचवणे, सील अभंग असल्याची नोंद प्रत्येक टप्प्यावर ठेवणे आणि उरलेल्या मालाची राखण करणे, यासाठी कोणाला तरी नेमावेच लागते. माल व्यावसायिक प्रमाणात, म्हणजे गांजा वीस किलोंहून किंवा हेरॉईन २५० ग्रॅमहून अधिक असेल, तर दोषारोपपत्रासाठी १८० दिवसांची मुदत असते. ती विशेष न्यायालयाकडून वाढवूनही घेता येते, पण वाढ न मिळता ती उलटली तर आरोपी जामिनाला हक्काने पात्र ठरतो. तपास अधिकाऱ्याकडे अशी किती प्रकरणे एकाच वेळी आहेत, यावर या मुदतीचे भवितव्य ठरते.

एका न्यायनिर्णयानेही मनुष्यबळाचे गणित कसे बदलते, हे २०१८ मध्ये दिसले. पंजाबमधील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने, गुन्ह्याची माहिती देणारा अधिकारी आणि तपास करणारा अधिकारी एकच असेल तर निष्पक्ष तपासाच्या तत्त्वाला बाधा येते, असे म्हटले. तत्त्व म्हणून त्यात तथ्य होते. पण ज्या लहान ठाण्यात अधिकाराचा दर्जा असलेले एक-दोनच जण असतात, तेथे प्रत्येक कारवाईसाठी दुसरा अधिकारी शोधणे आले. ऑगस्ट २०२० मध्ये पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने, केवळ एवढ्याच कारणाने खटला निष्फळ ठरत नाही आणि पक्षपात झाला का हे प्रत्येक प्रकरणाच्या तथ्यांवरून पाहावे, असा निर्णय दिला. मधल्या दोन वर्षांत पथकांतील माणसांच्या संख्येत काडीचा फरक न पडताही कामाची गरज आधी वाढली आणि नंतर सैल झाली.

[दृश्य: नकाशा, खुणा केलेले चौक]

आता लहान पथकांकडे वळू. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातील लिन या शहरात १९८३ मध्ये एका भागातील हेरॉईनच्या उघड विक्रीविरुद्ध मोजक्या माणसांचे पथक नेमण्यात आले. ते त्या एकाच बाजारावर चिकाटीने टिकून राहिले, उघड विक्री ओसरली आणि शहरातील घरफोड्या व लुटमारही घटली. त्याच राज्यातील लॉरेन्स शहरात पुढच्या वर्षी तसाच प्रयत्न झाला, तेव्हा मात्र तो परिणाम मिळाला नाही. या दोन शहरांची तुलना करणारे अभ्यासक कारणांवर वाद घालत राहिले आहेत; पण एकाच धर्तीच्या कारवाईची दोन वेगळी फळे पाहिल्यावर केवळ संख्येला यशाचे श्रेय देणे अवघड होते.

अमेरिकेतीलच जर्सी सिटी या शहरातील १९९० च्या दशकातील प्रयोग अधिक काटेकोर होता. तेथे विक्रीची ५६ ठिकाणे निश्चित करून चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे त्यांचे दोन समान गट करण्यात आले. एका गटात पूर्वीच्याच पद्धतीने, तक्रार किंवा बातमी येईल तसे छापे आणि अटका चालू राहिल्या. दुसऱ्या गटातील ठिकाणे नेमून दिलेल्या गुप्तचरांकडे सोपवली गेली. त्यांनी आधी त्या जागेचा अभ्यास केला, दुकानदारांशी आणि रहिवाशांशी बोलणी केली, मग जोरदार कारवाई केली आणि नंतर बाजार परत येऊ नये म्हणून लक्ष ठेवले. या दुसऱ्या गटात उपद्रवाच्या तक्रारींचे दूरध्वनी लक्षणीय प्रमाणात कमी राहिले, आणि विक्री शेजारच्या गल्लीत सरकल्याचे फारसे आढळले नाही. हिंसक गुन्ह्यांवर आणि मालमत्तेच्या गुन्ह्यांवर मात्र परिणाम दिसला नाही. या पद्धतीचे गोडवे गाताना हा भाग वगळला जातो, म्हणून तो येथे मुद्दाम सांगितला आहे.

संख्या एकदम वाढवल्यावर काय होते, याचे उदाहरण इंग्लंड आणि वेल्समध्ये मिळते. २०१० नंतरच्या काटकसरीच्या वर्षांत तेथील पोलिसांची संख्या सुमारे २०,००० ने घटली. मोठ्या शहरांतील टोळ्या मोबाइलवरून मागणी घेऊन, अनेकदा अल्पवयीन मुलांकरवी, लहान गावांत माल पोहोचवू लागल्या, तो काळही साधारण हाच आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये २०,००० नव्या भरतीची मोहीम सुरू झाली आणि मार्च २०२३ अखेर तिचे लक्ष्य पूर्ण झाले. परंतु दरम्यान जे गेले ते मुरलेले होते आणि जे आले ते नवखे. पाळत ठेवणे, बातमीदार जोडणे, आर्थिक व्यवहारांचा माग काढणे ही कौशल्ये भरतीच्या आदेशाने येत नाहीत. आणि बातमीदार हा ठाण्याचा नसतो, तो एका विशिष्ट अंमलदाराचा असतो. तो अंमलदार बदलून गेला की नव्याला शून्यातून सुरुवात करावी लागते, मग मंजूर आणि भरलेल्या पदांचा हिशेब कितीही जुळत असो.

[दृश्य: न्यायालयाबाहेर थांबलेले साध्या वेशातील कर्मचारी]

तेव्हा मनुष्यबळाचा प्रस्ताव करायचा तर तो कामाच्या तासांवरून करावा. समजा, एका पथकाकडे वर्षाला सुनावणीस येणारी ६० प्रकरणे आहेत, प्रत्येकात पथकातील चार साक्षीदार आहेत आणि प्रत्येकाला सरासरी तीन तारखांना न्यायालयात हजर राहावे लागते. हे ७२० माणूस-दिवस झाले. रजा आणि सुट्ट्या वजा जाता एक कर्मचारी वर्षात सुमारे २४० दिवस उपलब्ध असतो असे धरले, तर वर्षभर तीन माणसे फक्त न्यायालयाच्या आवारात उभी असतात. मुद्देमाल सांभाळणारा कारकून आणि नमुने घेऊन प्रयोगशाळेच्या फेऱ्या मारणारा शिपाई यांचे दिवस वेगळे मोजावे लागतील. शिवाय पथक वाढले आणि प्रयोगशाळेतील विश्लेषकांची पदे तशीच राहिली, तर वाढलेल्या छाप्यांबरोबर अहवालांची प्रतीक्षाही वाढेल. तेव्हा ती पदे गृह विभागाच्या त्याच प्रस्तावात, त्याच वर्षीच्या तरतुदीत मागितलेली असावीत.