पालथ्या हाताची बोंब

(दृश्य : पूनम गेट. रद्दीच्या जाळावर हलगी शेकणारे हात.)

सोलापुरात आंदोलन म्हटलं, की पूनम गेट. हलगी तापते, कातडं ताणतं, टिपरू पडतं. आणि मग कुणीतरी हात पालथा करून तोंडावर मारायला लागतो. बो-बो-बो-बो! मागण्यांच्या कागदावर याचं नाव ‘बोंबाबोंब आंदोलन’.

हात पालथाच का? सुलट्या हातानंही आवाज निघतो की! पण ही बोंब मुळात स्मशानातली. चितेभोवती फेऱ्या झाल्या, खांद्यावरचं मडकं फुटलं, की अग्नी देणारा पालथ्या हातानं बोंब मारतो. म्हणूनच घरात पोरानं खेळता खेळता तसं केलं, की आजीचा धपाटा बसतो. मोकळीक फक्त शिमग्याला, होळीभोवती. एरवी भर दुपारी एखाद्या साहेबाच्या नावानं बोंब ठोकली, तर तो आपल्यापुरता मेला, हे वेगळं सांगावं लागत नाही. काही जण त्यालाच ‘शंखध्वनी’ म्हणतात. जरा सोवळं वाटतं, इतकंच; ‘शंख करणं’ म्हणजेही बोंब मारणंच.

१८५७ च्या मोल्सवर्थ कोशात ‘बोंब’ आहे. पण ती आली कुठून, हे सोलापुरात तीन घरी विचारता येतं. कन्नड घरात आरडाओरड्याला म्हणतात ‘बोब्बे’. पूर्व भागातल्या तेलुगू विणकराच्या घरी ‘बोब्ब’. आपण जरा नाकातून, ‘बोंब’. कुणी कुणाकडून उचलला, यावर पंडितांनी भांडावं. तोंड उघडा, त्यावर हात मारा. दुसरा आवाज निघतच नाही. (बोंबील वेगळा. त्या गरीब माशाला यात ओढू नका.)

चोराच्या उलट्या बोंबा सगळ्यांना ठाऊक आहेत. खरी गंमत पुढे आहे. ‘पाण्याची बोंब आहे’ म्हणजे काय? पाणी नाही. ‘पगाराची बोंब’ म्हणजे पगार झालेला नाही. ओरडही बोंब, आणि जिच्यापायी ओरडायचं ती टंचाईही बोंब. जिल्ह्यात उजनीसारखं धरण, आणि शहरात नळ काही दिवसांआड. इथं हा अर्थ कोशात बघावा लागत नाही, नळाला पाणी यायचा वार कॅलेंडरवर बघतात.

(दृश्य : दुपार. हलगी थांबलेली.)

साहेब मीटिंगला गेलेत, असा निरोप येतो. एक मावशी आणलेली रिकामी घागर पालथी घालते आणि तिच्यावरच बसते.