‘जमेल मला’ कुठून येतं?

समजा, समोर एका विद्यार्थ्याची वही आहे. पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत: ‘डेटा ॲनालिस्ट व्हायचंच.’ खाली: ‘रोज चार तास अभ्यास.’ पुढची पानं कोरी.

जिद्द कमी पडली असं नाही. चार तास म्हणजे केव्हा, कुठे बसून आणि सुरुवात कशापासून, हेच ठरलं नव्हतं. मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांच्या संशोधनात दिसलं, की ‘अमुक वेळ झाली की तमुक करायचं’ असं आधीच ठरवलेलं काम नुसत्या इराद्यापेक्षा जास्त वेळा पार पडतं. म्हणून ती ओळ अशी लिहायची: ‘सातला टेबलाशी. फोन दुसऱ्या खोलीत. आधी काल चुकलेली दोन उदाहरणं.’ एखादा दिवस बुडाला तर दुसऱ्या दिवशी आठ तासांची भरपाई करायला जाऊ नये, ती हमखास फसते. ठरल्या वेळी पुन्हा बसावं.

वेळेचा अंदाजही चुकतोच. १९९४ च्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांना विचारलं गेलं, प्रबंध किती दिवसांत संपेल? सरासरी उत्तर आलं ३४ दिवस. लागले ५५. अर्जाची शेवटची तारीख मोजताना हे ध्यानात ठेवलेलं बरं.

आता नोकरीची धास्ती. ‘हे मला जमेल’ या विश्वासाचे चार उगम मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांदुरा यांनी १९७७ मध्ये मांडले: स्वतः तडीस नेलेलं काम, आपल्यासारख्याच कुणाला जमलेलं पाहणं, इतरांनी दिलेला धीर, आणि शरीर-मनाची त्या वेळची अवस्था. सगळ्यांत भक्कम पहिला. प्रेरणादायी भाषणं पैशाला पासरी मिळतात, पण त्यांनी चढलेला जोर पहिल्या नकारालाच उतरतो.

बायोडेटातली ही ओळ पाहा: ‘संगणकाचं उत्तम ज्ञान.’ मुलाखतीत ‘म्हणजे नेमकं काय?’ असं विचारलं की बोलती बंद. तिच्या जागी, खरोखर केलं असेल तर: ‘ग्रंथालयातल्या ६०० पुस्तकांची यादी स्प्रेडशीटमध्ये भरली, ४० दुबार नोंदी काढल्या.’ दुबार नोंदी ओळखल्या कशा, एकाच नावाची दोन पुस्तकं वेगळी कशी ठेवली? खोदून खोदून विचारलं तरी उत्तर अडत नाही.

नकार आले की सगळे एकाच पोत्यात भरू नयेत. वीस अर्ज गेले आणि एकही बोलावणं नाही, तर आधी बायोडेटा तपासा: जाहिरातीत मागितलेलं कौशल्य त्यात सापडतं का? बोलावणं येतं पण निवड होत नाही, तर उत्तरं फोनवर रेकॉर्ड करून ऐका आणि कुठल्या प्रश्नाला अडखळलात ते त्याच वहीत तारखेसह लिहा.