आजोबांची ठासणीची बंदूक

नमस्कार श्रोतेहो. कोकणात कितीतरी घरांत माळ्यावर नाहीतर माजघराच्या भिंतीवर ठासणीची, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू ठासून भरायची, बंदूक असते. आजोबा गेले की वारसांचा पहिला प्रश्न, ‘किती लाखांची असेल हो?’ किंमत मागाहून. आधी ती भरलेली आहे का ते बघायचं. पुन्हा सांगतो, आधी ती भरलेली आहे का ते बघायचं.

राजापूरकडे एका स्नेह्यांच्या घरी गणपतीला गेलो होतो. मुंबईकर मंडळी झाडून आलेली. आरती आटोपल्यावर थोरल्या काकांनी माळ्यावरून बंदूक उतरवली आणि जाहीर केलं, “शिवकालीन आहे!” लगेच पुतण्या घोडा चढवून फोटोला उभा राहिला. हल्ली आधी फोटो, मग विचार. मी म्हटलं, “काका, महाराजांच्या काळी तोड्याच्या, म्हणजे जळत्या वातीनं पेटणाऱ्या, बंदुका होत्या. ही केपाची, म्हणजे घोड्याचा ठोका बसताच पेटणाऱ्या छोट्या टोपीची. फोरसिथ नावाच्या स्कॉटिश पाद्र्यानं ठिणगीऐवजी ठोक्यानं पेटणाऱ्या दारूचं पेटंट घेतलं 1807 साली, आणि तांब्याची केप त्याच्याही नंतरची.” काकांचा चेहरा पडला. इतक्यात स्वयंपाकघरातून आत्याबाई आल्या. म्हणाल्या, “अरे, ती खाली ठेव. दादा ती कधी रिकामी ठेवीत नसत. रात्री डुकरं यायची ना परड्यात!”

पुतण्यानं बंदूक तिथेच घोंगडीवर ठेवली. केप बसवलेली नव्हती. घोडा हलकेच खाली घेतला, तोंड बाहेर अंगणाकडे, माणसं सगळी मागे. मग कळकाची बारीक काठी बाजूनं हात घालून नळीत अलगद सोडली. नळीच्या तोंडाशी काठीवर खूण केली, काठी काढून नळीला बाहेरून लावली. काठी केप बसते त्या खुंटापर्यंत पोचायला हवी होती, ती चार बोटं अलीकडेच थांबली. म्हणजे बंदूक भरलेली होती, आत बार होता! काका तर तुळशीवृंदावनापर्यंत मागे गेले.

पोलीस ठाण्यात कळवलं, परवाना असलेला कारागीर आला. त्यानं आतून काय काढलं? नारळाच्या सोडणाचा बोळा, छर्रे, पुन्हा बोळा, आणि तळाशी काळी दारू. अंगणात दगडावर चिमूटभर ठेवून पेटवली, तर भस्सकन उडाली. कोरडी राहिली तर ही दारू वर्षानुवर्षं मरत नाही. म्हणून गज मारून, खरवडून किंवा घरच्या घरी ‘बघू या उडते का’ म्हणून बार काढायला जाऊ नका. त्या जुन्या नळ्या लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून केलेल्या असतात, आतून कुठे गंजल्यात ते बाहेरून दिसत नाही.

बार निघाल्यावर कारागिरानं नळीचा बुडखा उलटा करून दाखवला. लांबट वर्तुळात ई, एल, जी अशी रोमन अक्षरं. बेल्जियममधल्या लिएज शहरात नळी तपासल्याची ती खूण. 1893 पासून त्या वर्तुळावर मुकुट आला, इथे मुकुट नव्हता, म्हणजे बंदूक त्याआधीची. लिएजमधून असा माल जगभर गेला, त्यामुळे लाखांची गोष्ट तिथेच संपली. बर्मिंगहॅमचा छाप असेल, कारागिराचं नाव असेल, सगळे भाग मूळचे असतील तर किंमत चढते.

आणि ते नाव, तो छाप, काचकागदानं घासलात की गेलाच. घासू नका, चिंच लावू नका, व्हॉर्निश फासू नका. आपल्याकडे सागवानी दारांना ऑइलपेंट फासणारी जी जमात आहे ना, तिच्या हाती तर बंदूक देऊच नये! शिलाई मशिनच्या तेलाचा पातळ हात पुरे. खोबरेल नको, ते चिकट होतं. पावसाळ्यात कातडी म्यानात किंवा ओल्या भिंतीला ठेवू नका, कातडं ओल धरतं.

राहिला परवाना. आजोबांचा परवाना त्यांच्याबरोबर संपला, तो आपोआप वारसाचा होत नाही. बंदूक ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून वारसानं स्वतःच्या नावानं अर्ज करायचा. 2016 च्या शस्त्र नियमांत वारसांसाठी तशी तरतूद आहे. आजोबांचं जुनं परवाना-पुस्तक मात्र जपा. बंदूक घरात कधी आली, कुणाच्या नावानं होती, हे त्यातच सापडतं. आणि कृपा करून त्याचं लॅमिनेशन करू नका.