फ्लोरिडाची टिकली

ही मतपत्रिका नीट बघा. डावीकडे नावं, उजवीकडे नावं आणि मधोमध एकाखाली एक भोकं. ज्याला मत द्यायचं, त्याचं भोक पाडायचं. डावीकडे पहिले जॉर्ज बुश, दुसरे अल गोर. मग गोर यांचं भोक कितवं? दुसरं म्हणालात ना? चुकलात. तिसरं. दुसरं भोक उजव्या पानावरच्या पॅट ब्युकॅनन यांचं.

7 नोव्हेंबर 2000. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक. फ्लोरिडा राज्यातली पाम बीच काउंटी, म्हणजे आपल्याकडचा जिल्हाच. इथे उतारवयातले मतदार पुष्कळ. त्यांना वाचायला सोपं जावं म्हणून अक्षरं मोठी केली. मग दहा उमेदवार एका पानात मावेनात, म्हणून दोन पानं. करायला गेले गणपती, झाला मारुती. ब्युकॅनन यांना इथे 3,407 मतं पडली. यातली बरीचशी माझी नसावीत, हे खुद्द त्यांनीच कबूल केलं. शिवाय दोन-दोन भोकं पाडलेल्या 19 हजारांहून जास्त पत्रिका बाद!

अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष ठरतो तो राज्याराज्यांना वाटून दिलेल्या इलेक्टोरल मतांवर. चुरस अशी, की फ्लोरिडाची 25 इलेक्टोरल मतं ज्याला मिळतील, तोच राष्ट्राध्यक्ष. टीव्हीवाल्यांनी त्या रात्री फ्लोरिडा आधी गोर यांना दिलं, मग काढून घेतलं. पहाटे बुश यांना दिलं, तेही काढून घेतलं. गोर यांनी तर बुश यांना फोन करून पराभव मान्य केला, आणि थोड्या वेळाने पुन्हा फोन करून तो मागे घेतला.

मग सुरू झाली टिकल्यांची मोजणी. पत्रिकेला भोक पाडलं की कागदाची चिमुकली टिकली खाली पडायला हवी. काही एका कोपऱ्याला लोंबत राहिल्या, काहींवर नुसताच खळगा. हे मत धरायचं की नाही? ब्रॉवर्ड काउंटीत न्यायाधीश रॉबर्ट रोझेनबर्ग भिंग घेऊन, डोळे ताणून पत्रिका न्याहाळत होते.

26 नोव्हेंबरला कॅथरिन हॅरिस यांनी निकाल जाहीर केला. जवळपास 60 लाख मतांत बुश 537 मतांनी पुढे. या बाई राज्याच्या निवडणूकप्रमुख, आणि बुश यांच्या तिथल्या प्रचाराच्या सहअध्यक्षही! गव्हर्नर होते बुश यांचे सख्खे भाऊ.

8 डिसेंबरला फ्लोरिडाच्या सर्वोच्च न्यायालयाने राज्यभर हाताने फेरमोजणीचा हुकूम दिला. दुसऱ्याच दिवशी वॉशिंग्टनच्या, म्हणजे देशाच्या, सर्वोच्च न्यायालयाने ती थांबवली, आणि 12 तारखेला पाच विरुद्ध चार मतांनी कायमची बंद केली.

13 डिसेंबरला गोर यांनी बुश यांना अभिनंदनाचा फोन केला. भाषणात म्हणाले, या खेपेला पुन्हा फोन करणार नाही, असा शब्द दिलाय त्यांना.